कोळेकर तात्यांचा खुलासा

पत्रकार मंडळींच्या स्मरणिकेसाठी तात्यांवर दोन पानं लिहून द्या, असा निरोप आला तेव्हा मी सरळ नाही म्हणालो. दोन पानांत काय लिहिणार, कपाळ? जन्म अमुक गावी, शिक्षण तमुक, टीव्ही पत्रकारितेत वीस-बावीस वर्षं भरीव योगदान, आणि खाली जाकीट घातलेला फोटो. माणूस अजून जिवंत आहे आणि यांना त्याचं भरीव योगदान हवंय! पण फोन ठेवल्यावर दिवसभर कामात लक्ष लागेना. म्हणून लिहायला बसलोय. स्मरणिकेला देणार नाही. त्यांना हे छापवणार नाही, आणि मी त्यातलं अक्षर कापून देणार नाही.

मी संजय. बारामतीत भिगवण रोडला माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्नं, साखरपुडे, डोहाळजेवणं, कुणाचे उमेदवारी अर्ज, सगळं काढतो. हे करता करता अकरा वर्षं मी रामहरी कोळेकर तात्यांचा कॅमेरामन होतो. तात्या एका मराठी न्यूज चॅनेलचे इकडचे प्रतिनिधी. बारामती, इंदापूर आणि हाकेच्या अंतरावरचं सगळं त्यांच्याकडं. चॅनेलचं नाव लिहीत नाही. लिहून कुणाला काय फरक पडणार आहे म्हणा.

तात्यांना पहिल्यांदा बघणारा माणूस हसायचाच. कमरेच्या वर साहेब, कमरेच्या खाली गडी. वर इस्त्रीचा पांढरा शर्ट, निळं जाकीट, केसांना पाणी लावून पाडलेला भांग. खाली दुमडलेली पँट आणि कातडी चपला. "टीव्हीत पाय कुणाला दिसत्यात रं? उगं बुटं कशाला चिखलात घालायची?" जाकीट मोटारसायकलच्या हँडलला हँगरसकट लटकवलेलं असायचं. ते वाऱ्यानं फुगलेलं दिसलं की रस्त्याकडेचे लोक हात करायचे. तात्या थांबायचे. आमची एकही बातमी वेळेत झाली नाही ती या थांबण्यामुळं. मी मागं बसून करवादायचो, "तात्या, मुंबईच्या डेस्कचे चार मिस्ड कॉल झालेत." तात्या म्हणायचे, "डेस्क काय पळून जातंय का? ह्या माणसाला दोन मिनिटं देऊ दे."

भाषेचंही तसंच. कॅमेऱ्याचा लाल दिवा लागला की "आहे", विझला की "हाय". वडील मेंढरं राखायचे आणि तात्या शाळेच्या सुट्टीत कळपामागं फिरलेले. एका टेकाडावरून दुसऱ्या टेकाडावरच्या माणसाला हाक मारायची सवय, त्यामुळं आवाज असला दणदणीत की माईक वीतभर लांब धरायला लागायचा.

"तात्या, जरा हळू. आवाज फाटतोय."

"फाटू दे. मुंबईपातुर जायचाय."

पण हाच माणूस मयताच्या घरी गेला की आधी खाली बसायचा. माईक बाहेर मोटारसायकलवर. बाकीच्या चॅनेलची पोरं दारातूनच आईच्या तोंडासमोर माईक धरून "तुम्हाला काय वाटतंय" विचारायची. तात्या बायामाणसांपासून लांब, पुरुषांच्या रांगेत मांडी घालून बसायचे. कुणीतरी पाण्याचा तांब्या आणून द्यायचं. मग कधीतरी घरातलाच माणूस म्हणायचा, "तात्या, तुमाला काय लिहून घ्यायचं असंल तर घ्या." तेव्हा ते उठून माईक आणायचे. मला याचा जाम राग यायचा, कारण तोवर बाकीच्यांची बातमी लागून गेलेली असायची. एकदा मी बोलून दाखवलं. तात्या शांतपणे म्हणाले, "संज्या, त्यांचं माणूस गेलंय. आपली बातमी जाती ती कुठं जाती? उद्या दुसरी येती."

आणि एक नियम होता. डोळ्यांनी बघितल्याबिगर तोंड उघडायचं न्हाय. त्यापायी त्यांनी डेस्कच्या किती शिव्या खाल्ल्या ते मला माहीत आहे.

एका पावसाळ्यात कालवा फुटल्याची आवई उठली. दुपारची वेळ. सगळीकडं ब्रेकिंग सुरू, दोन चॅनेलवर तर कुठल्या भलत्याच पुराची चित्रं दाखवायला लागले. खालच्या वस्त्यांवर एकच पळापळ. लोकांनी गॅसच्या टाक्या, पेट्या, म्हातारी माणसं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढवली. डेस्कवरून तात्यांना फोनवर फोन: "सर, सगळे चालवतायत, तुम्ही फोनो द्या." फोनो म्हणजे जागेवर न जाता फोनवरूनच बातमी सांगायची. तात्यांनी फोन बंद केला आणि माझ्या हातात दिला. आम्ही कालव्याच्या कडेकडेनं मोटारसायकल घातली. चिखल, काटे, दोनदा पडलो. जिथं फुटला म्हणत होते तिथं पोचलो, तर कालवा धडधाकट आणि भरावावर एक म्हातारा शेळ्या चारत बसलेला. तात्यांनी जाकीट चढवलं आणि लाइव्ह गेले. "कालवा शाबूत आहे. माझ्या मागे पाहा. मी जिथे उभा आहे, तिथेच तो फुटल्याचं सांगितलं जात आहे. घरी जा. बारामतीहून रामहरी कोळेकर." बास, एवढंच.

परत येताना रस्त्यात ट्रॉल्या माघारी वळत होत्या. एका म्हातारीनं ट्रॉलीतूनच तात्यांची अलाबला घेतली. त्या दिवसापासून आमच्याकडं एक रीतच पडली. कुठलीही बातमी आली की पाराजवळ बसलेली माणसं विचारायची, "कोळेकर तात्या म्हणलं का? मग खरं." मला त्याचा अभिमान होता. आता वाटतं, त्या दिवशी आम्ही घरी झोपून राहिलो असतो तर बरं झालं असतं. खरंच सांगतो.

आता मंदाताईंचं सांगायला पाहिजे. टाळून टाळून इथपर्यंत आलो.

काटेवाडीच्या अलीकडं एका वस्तीवर मंदाताई दूध संकलन केंद्र चालवायच्या. आसपासचे लोक सकाळ-संध्याकाळ दूध घालायला यायचे. ताई माप घ्यायच्या, दुधाची फॅट मोजायच्या, चिठ्ठी द्यायच्या आणि कॅन टेम्पोत चढवायच्या. नवरा साखर कारखान्यात नोकरीला. मुलगी रूपाली, नर्सिंग करून बारामतीत एका दवाखान्यात लागलेली. इंदापूरकडं जाता-येता आमचा चहा तिथं ठरलेला. ताई तात्यांना राखी वगैरे बांधायच्या नाहीत, पण भाऊच मानायच्या. "दादा, तुमचा चहा फिका करू का?" असं विचारायच्या आणि तात्यांच्या उत्तराची वाट न बघता गोड करायच्या.

त्या दिवशी इंदापूर तालुक्यात एका ठिकाणी भेसळीच्या दुधावर छापा पडला. आम्ही पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. अधिकारी गेलेले, दाराला सील, बाहेर एक हवालदार आणि दोन कुत्री. काढायला काहीच नाही. डेस्कचा फोन: "सर, सातच्या बुलेटिनला हेडलाइन आहे, व्हिज्युअल पाहिजेत, काहीही पाठवा, दूध दिसलं पाहिजे." हे आमच्या धंद्यातलं रोजचं आहे. कांद्याची बातमी असली की कुठलाही कांदा, उसाची असली की कुठलाही ऊस. आम्ही त्याला जनरल शॉट म्हणतो. कुणाला त्यात पाप वाटत नाही. मलाही वाटलं नव्हतं.

सील केलेल्या दारासमोर उभं राहून तात्या बोलले असते तरी चाललं असतं. पण उजेड उतरायला लागला होता, तिथं मोबाईलला रेंज नव्हती आणि मीच म्हणालो, "तात्या, जाता जाता मंदाताईंच्या इथं उरकू. रेंज पण हाय, दूध पण हाय." तात्यांनी एकदा सीलकडं बघितलं. मग म्हणाले, "चल. दूध ते दूधच."

ताई कॅन धुवायच्या गडबडीत होत्या. तात्यांनी सांगितलं, "ताई, इंदापूरकडची बातमी हाय, पण हितं उभा राहून बोलतो. मागं जरा कॅन दिसू दे." ताईंना केवढा आनंद! पदर नीट केला, बाजूची बादली सरकवली, म्हणाल्या, "आमचं केंद्र टीव्हीत दिसंल का?" तात्या केंद्रासमोर उभे राहिले आणि त्यांनी सगळं बरोबर सांगितलं. इंदापूर तालुक्यात, छापा, सील. एकही शब्द चुकीचा नाही. त्यानंतर मी चार शॉट घेतले. त्यातला एक ताईंच्या हाताचा. कॅन धुवायला त्या सोड्याची पांढरी पावडर रिकाम्या कॅनमध्ये टाकत होत्या. मावळतीचा उजेड, ॲल्युमिनियमचा कॅन, वरून पडणारी पावडर. फार देखणा शॉट होता हो तो. मी स्वतःवर खूश झालो होतो.

सातला मंदाताईंनी शेजारपाजारच्या बाया बोलावून टीव्ही लावला.

डेस्कवरच्या कुणीतरी तो हाताचा शॉट उचलला, त्याभोवती लाल गोल काढला आणि खाली लिहिलं, "पाहा, दुधात अशी मिसळतात पावडर." मग तात्या बोलताना, आणि त्यांच्या मागं केंद्राची पाटी. तोंडानं तात्या इंदापूर म्हणत होते. पण ऐकतो कोण? लोक बघतात. आणि बघितलं ते कोळेकर तात्यांनी दाखवलेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी केंद्रावर तीन माणसं आली. त्यातली दोन, आमचं दूध बंद म्हणून चिठ्ठ्या परत द्यायला. दूध उचलणाऱ्या डेअरीनं चौकशी होईपर्यंत केंद्र बंद ठेवा म्हणून सांगितलं. चौकशी झाली, नमुने तपासले, सगळं स्वच्छ निघालं, तसा कागदही मिळाला. पण दूध काही परत आलं नाही. ताईंच्या दारावरनं लोक कॅन घेऊन पुढच्या केंद्रावर जायला लागले. रोज ज्यांचा नमस्कार घ्यायचा, त्यांची पाठ बघायची. रूपालीला दवाखान्यात एका पेशंटच्या नातेवाइकानं विचारलं, "तू त्या पावडरवाल्या बाईचीच का?"

त्या रात्री तात्या ते बुलेटिन बघून माझ्या स्टुडिओत आले होते ते तसेच अनवाणी. चपला कुठं राहिल्या त्यांनाही ठाऊक नव्हतं. मी म्हणालो, "तात्या, शॉट माझा होता." ते म्हणाले, "शॉट तुझा. तोंड माझं." आणि खुर्चीत बसून माझ्यादेखत हमसून रडले. बावन्न वर्षांचा माणूस. मी नुसता पंखा लावला.

तिथून पुढं त्यांचा एकच ध्यास. मंदाताईंच्या नावावरचा डाग पुसायचा. दुसरं काही नाही. डेस्कला फोन, संपादकांना फोन, मेल, परत फोन. शेवटी मुंबईला ऑफिसात जाऊन बसले, दोन दिवस. तिथल्या एका मुलीनं त्यांना गोड बोलून सांगितलं, "सर, आम्ही व्हिडिओ पेजवरून काढलाय ना, आता काय प्रॉब्लेम आहे?" तात्यांचं म्हणणं साधं होतं. ज्या वेळेला दाखवलं, त्याच वेळेला, त्याच तोंडानं, तेवढाच वेळ सांगायचं की चुकलं. मी उभा राहतो. मी सांगतो. चॅनेलनं काय केलं? एका दुपारी, जेव्हा गावाकडं वीज नसते, तेव्हा पडद्याच्या तळाला एक ओळ धावती केली. "बारामती दूध प्रकरणी खुलासा." कुणी वाचली असेल तर देव जाणे. तात्यांनी राजीनामा दिला. चॅनेलनं तो लगेच घेतला. तीन दिवसांत नवा प्रतिनिधी आला, बूट घालणारा.

मग तात्यांनी ठरवलं, टीव्ही नको. आपण जाऊन सांगू. सकाळी पाच-साडेपाचला उठायचं, मोटारसायकल काढायची आणि ज्या गावाला जायचं तिथल्या दूध केंद्रावर जाऊन उभं राहायचं. त्या वेळेला अख्खं गाव तिथं रांगेत असतं, किटली हातात. तात्या जाकीट घालायचे. माईक नव्हता, कॅमेरा नव्हता, पण उभे तसेच राहायचे, सरळ, हनुवटी वर. आणि त्या दणदणीत आवाजात, लाल दिव्याच्या भाषेत: "नमस्कार. मी रामहरी कोळेकर. मी एक चूक केली आहे." खिशातून नमुन्याचा कागद काढायचे. मोबाईलवर तो व्हिडिओही दाखवायचे, थांबवून थांबवून. "बघा, कॅन रिकामा हाय. सोडा हाय त्यो, कॅन धुवायचा. तुमीबी तुमच्या घरी तेच टाकता." मी दर दोन-तीन दिवसांनी बरोबर जायचो. लाज वाटायची. रांगेतली पोरं मोबाईलवर त्यांचंच शूटिंग करायची.

आणि लोक काय म्हणायचे? मला वाटलं होतं शिव्या देतील. शिव्या परवडल्या असत्या. लोक प्रेमानं जवळ यायचे. एकानं तात्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाला, "तात्या, आमाला कळतंय. दबाव आला असंल."

"कसला दबाव? मी खरं सांगतोय."

"व्हय व्हय. तुमी तसंच म्हणायला पायजे. पण तुमी टीव्हीवर खोटं बोलत न्हाय, हे आमाला ठावं हाय की. नोकरी गेली म्हणं तुमची. लई वाईट झालं. वरच्यांची बाई दिसतीय कुणाची तरी."

वरच्यांची बाई! तिच्या घराचं अर्धं छप्पर पत्र्याचं, आणि म्हणे वरच्यांची. तात्या त्या माणसाला हात जोडायला लागले. भर रांगेत. "आरं बाबा, माझ्यावर इस्वास ठेव." तो म्हणाला, "इस्वास हाय म्हणून तर सांगतोय, तात्या." प्रत्येक गावात हेच. ज्या भरवशावर लोकांनी ट्रॉल्या माघारी वळवल्या होत्या, तोच भरवसा आता तात्यांच्या उरावर बसला होता. जितकं जास्त कळवळून सांगावं, तितका लोकांचा संशय पक्का. असा वैताग मी जन्मात बघितला नाही.

काकू, म्हणजे तात्यांच्या पत्नी, मला म्हणाल्या, "संजयराव, त्यांना थांबवा. झोपेत पण नमस्कार नमस्कार करत्यात." मी प्रयत्न केला. तात्या माझ्यावर खेकसले. आयुष्यात पहिल्यांदा. "तुला थांबायचं तर थांब. शॉट काढून मोकळा झालास तू." ते खरंच होतं. दुसऱ्या दिवशी मी परत त्यांच्या मागं बसलो.

निरवांगीला गेलो तो दिवस मला लख्ख आठवतो. तिथं रांग लहान होती. तात्यांचं बोलून झालं. बहुतेक जण किटल्या उचलून निघाले. पण एक धोतर नेसलेले, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ जागचे हलले नाहीत. त्यांनी कागद हातात घेऊन वाचला. व्हिडिओ दोनदा बघितला. दबाव वगैरे काही म्हणाले नाहीत.

"बाईंचं नाव काय म्हणलासा?"

तात्यांनी सांगितलं. गाव सांगितलं. वस्ती सांगितली.

"मालक कारखान्यात हायत का त्यांचे?"

"व्हय, व्हय! वळखता का?"

"आणि मुलगी नर्स?"

"तीच. फार गुणाची पोरगी. फार भलं घर हाय, आबा. ही चूक सगळी माझी."

म्हाताऱ्यांनी मान हलवली, मोबाईल परत दिला, रामराम केला आणि गेले. परतीच्या वाटेवर तात्या कितीतरी दिवसांनी मोकळे बोलले. वाऱ्यात ओरडून सांगत होते, "संज्या, बघितलंस? एका माणसानं ऐकलं. नीट ऐकलं. एक ऐकला म्हंजे पुढं धा ऐकतील." हॉटेलात थांबून त्यांनी मला आग्रहानं मिसळ खायला घातली. स्वतःही खाल्ली.

चार दिवसांनी मंदाताईंचा निरोप आला, दादांना घेऊन या. आम्ही गेलो. केंद्राचं शटर खाली होतं, त्यावर गाड्यांची धूळ. ताईंनी चहा केला. तात्या उत्साहात निरवांगीचं सांगायला लागले, आणि ताई मध्येच म्हणाल्या, "ठावं हाय मला, दादा. ते पोराचे आजोबा हुते."

"कुठल्या पोराचे?"

"रूपालीला बघून गेलते. पसंती झाली हुती. पुढच्या गुरवारी सुपारी फोडायची हुती." ताई अगदी सावकाश बोलत होत्या, शिकवल्यासारखं. "त्या घरात बातम्या बघत न्हाईत, दादा. त्यांना ह्यातलं कायबी ठावं नव्हतं. आमी सांगणार हुतो, सावकाश, माणसं जवळ आल्यावर. काल निरोप आला. पोराचं यंदा कर्तव्य न्हाय म्हणत्यात."

तात्यांनी कपबशी तशीच खाली ठेवली.

"मी परत जातो," तात्या उठले. "आत्ता जातो. त्यांनी ऐकलं हुतं, ताई. त्यांना पटलं हुतं. मी पाय धरतो त्यांचं."

"पटलं असंल त्यांना. पण चार लोकांत नाव झालेल्या घरची पोरगी कोण करतंय?" ताई उंबऱ्यावर बसल्या. "दादा, ज्यांनी टीव्हीत बघितलं त्यांनी बघितलं. ते इसरले असते. दोन वर्सांत इसरले असते. पण तुमी रोज उठून नव्या गावाला जाताय. ज्या गावात मला काळं कुत्रं वळखत नव्हतं, तितं आता माझं नाव, गाव, मालकाची नोकरी, पोरीचं शिक्शान सगळं ठावं झालंय. तुमी माझ्या भल्यासाठी करताय, हे मला कळतंय. देवाशप्पथ कळतंय. पण तुमच्या पाया पडते, आता गप बसा."

तात्या उभेच होते. "मग मी काय करू, ताई? मी दुसरं काय करू?" हे त्यांनी इतक्या बारीक आवाजात विचारलं की मला तो त्यांचा आवाज वाटला नाही.

"काय नका करू. कुणी म्हणू दे, कायबी म्हणू दे, तुमी माझं नाव तोंडातून काढू नका. रूपालीची शप्पथ घ्या."

रूपाली आतल्या दारात उभी होती, दवाखान्याच्या पांढऱ्या कपड्यांत. कामावर जायची वेळ झाली म्हणून पर्स घेऊन आमच्या मधून निघून गेली. तात्यांनी शपथ घेतली.

त्याला आता वर्ष होत आलं. ताईंनी केंद्र कायमचं बंद केलं. तात्या घराबाहेर फारसे पडेनात. दाढी वाढवली, जाकीट कुणाला तरी देऊन टाकलं. मी गेलो की बसायचो, ते ऊन-पावसाचं बोलायचे. बातमी हा शब्द निघाला की उठून गाईला वैरण टाकायला जायचे.

मागच्या महिन्यात काकूंच्या औषधांसाठी ते बारामतीला आले होते. मी त्यांना मार्केट यार्डाजवळच्या हॉटेलात चहाला नेलं. भर दुपार, गर्दी. शेजारच्या टेबलावर पाच-सहा जण बसलेले, आडतीला माल घालून आलेले असावेत. कुठंतरी पुन्हा भेसळीची बातमी झाली होती आणि दरवेळेसारखा तो व्हिडिओ परत फिरायला लागला होता. एकानं मोबाईल टेबलावर उभा केला. मला न बघताही कळलं, कारण तात्यांचा जुना आवाज आला, स्पष्ट, दणदणीत. लाल गोल, पांढरी पावडर, ताईंचा हात.

"काटेवाडीकडली बाई हाय ही," तो बाकीच्यांना सांगत होता. "लई वर्षं लोकांना पाजत हुती म्हणं. पोरगी नर्स हाय तिची, ती आणून द्यायची दवाखान्यातनं पावडरी."

हे नवीन होतं. हे चॅनेलनं दाखवलं नव्हतं, आम्ही सांगितलं नव्हतं, कुणीच म्हटलं नव्हतं. रूपालीपर्यंत आलं होतं ते. माझं डोकं फिरलं. मी खुर्ची सरकवून उठणार, तोच तात्यांनी टेबलाखालून माझं मनगट पकडलं. इतकं घट्ट की दुसऱ्या दिवशी वळ होते.

"कशावरनं खरं?" पलीकडच्या एकानं विचारलं. "हल्ली कायबी बनवत्यात."

"आरं, कोळेकर तात्यांनी काढलंय ते," मोबाईलवाला म्हणाला, आणि त्याची नजर आमच्या टेबलावर आली. दाढीतनंही त्यानं ओळखलं. तो एकदम उठून उभा राहिला, हात जोडले. "अगं बाबौ! तात्या! हितंच बसल्यात की!" सगळं टेबल आमच्याकडं वळलं. "तात्या, सांगा बरं ह्यांना. खरं हाय का न्हाय?"

तात्यांनी त्याच्याकडं बघितलं. ओठ हलले. मनगटावरची पकड आणखी घट्ट झाली. मग त्यांनी मान खाली घातली आणि बशीतल्या चहाकडं बघत राहिले.

"बघा," तो माणूस बाकीच्यांना म्हणाला.